गच्चीवर ऊन होतं

ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं तेव्हा हे चहा पीत होते. त्या मशीनची घरघर थांबली आणि घर एकदम मोकळं वाटलं. पंखाही थांबला. खिडकीतून पाहिलं तर नाक्यावरचा सिग्नल बंद. अख्ख्या मुलुंडची लाइट गेली होती.

"घाबरू नको गं," हे म्हणाले. "आपल्याकडे सोलर आहे."

सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं तेव्हा वयाने मोठे म्हणून नारळ ह्यांनीच फोडला होता. पॅनेलला हळदकुंकू मी लावलं. त्याच आठवड्यात ह्यांनी ऑक्सिजनचा बाटला परत पाठवला. तो पलंगाशी उभा असला की झोप येत नाही म्हणायचे. गावाहून आलेला माझा भाऊ म्हणाला होता, "दाजी, निदान इन्व्हर्टर तरी घ्या." हे हसले. "अरे, ते तुमच्या गावाला. मुंबईत लाइट जाते का कधी?"

थोडा वेळ वाट पाहिली. ह्यांचा श्वास वाजायला लागला तशी मी समोरच्या सेक्रेटरीचं दार वाजवलं.

"सोलर चालू कर रे."

"काकू, तेपण बंद झालं. बाहेरची लाइन गेली की ते आपोआप बंद होतं. नाहीतर तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसेल."

"गच्चीवर ऊन आहे ना?"

"आहे."

"मग नारळ कशाला फोडला?"

त्याने मोबाइल काढला. बाटलेवाल्याचा फोन लागेना. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, पेशंट खाली आणून ठेवा. लिफ्ट बंद. सेक्रेटरी आणि वॉचमनने ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि सहाव्या मजल्यावरून उतरायला लागले. मी मागून पाठीला हात लावून होते.

"हळू रे, पाडशील," हे वॉचमनला म्हणाले. त्यानंतर बोलले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर त्यांची मान कलली. वॉचमनने खुर्ची खाली टेकवली. खाली ॲम्ब्युलन्स आली होती, तिचा काही उपयोग नव्हता.

लाइट संध्याकाळी आली. मशीनचं बटण मी बंद केलं नव्हतं, ते आपोआप सुरू झालं. पलंगावर पडलेल्या नळीतून हवा येत होती. मी बटण बंद केलं.

घरात आम्ही दोघं होतो. मी राहिले.