वरच्या मजल्यावरचा स्वाध्याय

चार बायका दर आठवड्याला पुस्तक वाचायला जमल्या, की पानं कमी उलटतात आणि किस्सेच जास्त साचतात. आमच्या जुन्नरच्या ग्रुपचं असंच झालंय. सगळ्या पावसाळ्यात कादंबरी वाचली ती एकच, पण तिच्यावरून झालेल्या भानगडी सांगायला बसले तर हातातला चहा गार होईल.

मी शाळेत मराठी शिकवते. प्राजक्ताचं ब्युटी पार्लर आहे. शोभाताई ओझरच्या, घरची शेती बघतात. आणि सोनल ही बाजारपेठेतल्या कापड दुकानाच्या शेठची सून. बैठक तिच्याकडेच, दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

कादंबरी मीच आणली होती, शाळेतल्या मुलांसाठी घेतलेली. पुढच्या काळातलं, भिंतीआडचं एक शहर. तिथे प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात आणि तो काय काय खोटं बोलला, हे दर आठवड्याला साहेबाला जाऊन सांगावं लागतं. नीरा नावाच्या मुलीची जोडीदार तारा, आणि तारा पळून जायच्या तयारीत. नीराला सगळं माहीत. ती ताराचं नाव सांगते की नाही, एवढ्या एका गोष्टीने आमच्या जिवाला घोर लावला होता.

पुढचं कुणीही एकटीने वाचायचं नाही, हा आमचा नियम.

*

आता सोनलची अडचण. तिच्या सासऱ्यांचं म्हणणं, कादंबऱ्यांनी बायकांची डोकी फिरतात. माहेरी जेवतानाही पुस्तक न सोडणारी ही मुलगी, लग्नानंतर तिच्या हातात फक्त दुकानाचं कॅटलॉग. म्हणून तिने घरी सांगितलं, वर स्वाध्याय चालतो, म्हणजे धर्मग्रंथांचं वाचन. हे उघडं पडलं असतं तर बैठक बंद आणि तिचं वाचनही कायमचं बंद.

मग पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि ते ग्रंथ ठेवायच्या लाकडी स्टँडवर ठेवलं. ते तिथेच राहायचं, कारण उचलून न्यावं तर संशय.

पहिल्या दिवशी शोभाताई आल्या, स्टँड बघितला आणि आल्या पावली खाली उतरल्या. आम्हाला वाटलं, पिशवी विसरली. परत आल्या त्या झेंडूचं फूल आणि हळदकुंकू घेऊन, आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी पूजा उरकली! त्या हुकूमशाही शहराच्या कव्हरवर अजून पिवळा डाग आहे.

*

पहिलं प्रकरण संपलं. मी वर्गात विचारावं तसं विचारलं, "एवढी मोठी भिंत बघून काय वाटलं?"

प्राजक्ता म्हणाली, गुदमरल्यासारखं वाटलं. सोनल जिन्याकडे बघत होती. शोभाताईंच्या उसात परवाच बिबट्याची पिल्लं सापडली होती. त्या म्हणाल्या, "लई बरं हाय की. बिबट्या तरी आत यायचा न्हाई."

त्या दिवशी माझी चर्चा तिथेच आटोपली.

*

मग खुणेची भानगड झाली. खूण म्हणून आम्ही दुकानातलं साडीचं लेबल ठेवायचो. एकदा येऊन बघतो तर लेबल पुढच्या प्रकरणात! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

कुणीतरी चोरून वाचत होतं. माझा संशय प्राजक्तावर, प्राजक्ताचा माझ्यावर, आणि दोघींचा सोनलवर, कारण पुस्तक तिच्या घरात. ती बिचारी शपथा घेऊन रडकुंडीला आली. वाचताना आम्ही पुस्तकाकडे कमी आणि एकमेकींच्या तोंडाकडे जास्त बघायला लागलो.

शेवटी प्राजक्ता म्हणाली, कादंबरीतल्यासारखं करू. प्रत्येकीने बाहेर येऊन प्राजक्ताच्या कानात संशयिताचं नाव सांगायचं. शोभाताईंनी मांडी मोडली नाही.

"मला नाव ठाव न्हाई," त्या म्हणाल्या, "पन ठाव असतं, तरी सांगितलं नसतं."

आम्हाला लाज वाटली. पण संशय काही गेला नाही.

*

प्राजक्ताने सापळा लावला. न वाचलेली दोन पानं तिने आपल्या टिकलीने एकमेकांना चिकटवली. कुणी उघडलं तर टिकली निघणार आणि चोर सापडणार.

आठवडाभर मला चैन नव्हतं. बैठकीच्या दिवशी चौघी पुस्तकावर वाकलो. टिकली त्या पानांवर नव्हती. ती त्याच्या पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या पानांना नीट, सरळ रेषेत चिकटवलेली होती!

*

सोनलच्या सासूबाईंना आम्ही काकी म्हणतो. त्या शेजारच्या खोलीत तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून सामायिक करायच्या. म्हणजे वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत आसनावर बसून धर्मध्यान. त्या वेळात खोटं तर सोडाच, वायफळही बोलायचं नाही. आणि काकी एरवीसुद्धा तोलूनमापून खरं बोलणाऱ्या.

एका दुपारी सोनल साहेबाचा संवाद अगदी रंगात येऊन वाचत होती, "नाव सांग, नाहीतर तुलाच कोठडीत टाकतो!" तेवढ्यात शेठ जिना चढून आले. सोनलचा आवाजच बंद झाला.

"हे काय वाचतायत?" शेठनी काकींना विचारलं.

आसनावरून काकी शांतपणे म्हणाल्या, "सतीची कथा आहे. छळाचा भाग आलाय."

शेठ खाली गेले. आम्ही श्वास सोडला. काकींनी अर्धं झालेलं वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि सामायिक पहिल्यापासून सुरू केलं.

*

पर्युषणात, म्हणजे जैनांच्या उपासाच्या दिवसांत, बैठक बंद, आणि नेमकं शेवटचं प्रकरण राहिलेलं. नीरा साहेबासमोर उभी, ओठ उघडायच्या बेतात, आणि आम्ही घरोघरी अस्वस्थ. सोनल तर जेवायची विसरायला लागली होती.

संवत्सरीला पर्युषण संपलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी क्षमापनेसाठी त्यांच्याकडे गेलो. या दिवशी जैन घरांत लहानथोर सगळे एकमेकांची माफी मागतात. काकी शेठसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"तुमच्याशी खोटं बोलले असेन, त्याचं मिच्छामि दुक्कडम्."

सोनलने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

शेठनी काकींना हात जोडले. मग ते सोनलकडे वळले. ती वाकली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"सोनल बेटा, मिच्छामि दुक्कडम्. आणि नीट जेवत जा. ती पोरगी नाव सांगत नाही."