उडणारी म्हैस

मंडळी, सकाळी टाकलेला ‘उडणाऱ्या म्हशी’चा फोटो मी काढून टाकलाय. तुम्ही पोट धरून हसला होता. आता पुढचं ऐका.

आज शाहूपुरीत लहान मुलांची चित्रकला स्पर्धा होती. परीक्षक मी. मुलांना मनासारखं रंगवू द्या, असं पालकांना सांगत फिरणारा!

शिरोळहून आलेल्या तिसरीतल्या मुलीनं सगळा कागद निळा केलेला आणि मधोमध म्हैस. गळ्यातलं दावं ताणलेलं, खाली खुंट्याला बांधलेलं, अगदी पतंगासारखं. कल्पनेवर खूश होऊन मी पहिला नंबर दिला. संध्याकाळी बक्षीस देताना माइकवरच विचारलं, “बाळ, म्हैस उडवायचं सुचलं कसं गं?”

सगळा हॉल हसला.

ती म्हणाली, “उडत न्हाय सर. त्ये पाणी हाय. पूर आला तवा दावं सोडायचं राहिलंतं.”

तिथं तरी मी गप्प बसावं की नाही? म्हणालो, “मग जरा लाटा दाखवायच्या होत्यास.”

तिनं बक्षिसाची रंगपेटी माझ्यापुढं धरली. “मग ही परत देऊ व्हय?”

फोटो तुम्हीही बघितला होता. त्या निळ्यात पाणी एकाला तरी दिसलं होतं का?