घरचे नऊ, परक्या गवतावर पस्तीस

शुक्रवारी दुपारी मी आणि बायको दारात बसून चेंडू धुतले. तिच्यासंगं केलेलं शेवटचं साधं काम हेच. बादलीत धुण्याचा सोडा, दात घासायचे दोन जुने ब्रश आणि पोत्यावर वाळत टाकलेले चाळीसेक पांढरे चेंडू. गोल्फ खेळणारे साहेब लोक चेंडू बाभळीत घालवतात. आम्ही ते हुडकायचो, धुवायचो आणि त्यांनाच विकायचो. एका साहेबानं स्वतःचाच चेंडू माझ्याकडून तीनदा घेतला, आणि तिन्ही वेळेस म्हणाला, मामा, हा नशिबाचा दिसतोय.

मी कॅडी. म्हणजे दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागं चालायचं आणि त्यानं वाईट मारलं की वाऱ्याला नावं ठेवायची. आमची माणसं पाचोडकडची, मेंढरं राखणारी. मी चौथी शिकलो, मग मेंढरांमागं चाललो, मग छावणीत खोली केली आणि साहेबांमागं चाललो. फरक एवढाच, मेंढरू हाक मारली की वळतं.

ती त्याच मैदानावर ब्राऊन झाडायची. आमच्या मैदानाला पाणी नाही, म्हणून ज्या खड्ड्यात चेंडू घालायचा त्याच्याभोवती हिरवळ नाही. वाळूत जळकं तेल कालवून चापून बसवलेलं गोल अंगण असतं, त्याला ब्राऊन म्हणतात. साहेब पुढं गेले की तिथली पावलं पुसायला दोरी बांधलेलं गोणपाट ओढायचं. मैदानात असे अठरा खड्डे, साहेब त्यांना होल म्हणतात, त्यातलं आठवं ब्राऊन तिचं. दुसरी बाई चुकून तिथं गेली तरी हिचं तोंड दोन दिवस वाकडं.

आता हँडिकॅप सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मैदान बहात्तर फटक्यांत संपवायचं असतं. ज्याला जमत नाही त्याला काही फटक्यांची सूट देतात, तोच हँडिकॅप. सूट पंधरा असली तर सत्त्याऐंशी मारले तरी माफ. बाकी दुनियेत माणूस सूट वाढवून मागतो, हे लोक कमी करून मागतात. नऊवाला पंधरावाल्याशी बोलताना हनुवटी वर करतो. फाटकावर नावाखाली तो आकडा लिहायचा तेवढा राहिलाय.

माझे साहेब नऊ. वाळूजला कारखाना, उस्मानपुऱ्यात बंगला आणि हँडिकॅप नऊ. आमच्या मैदानावर ते नऊ खरंच होते, मी साक्षीला. पण ते कशावर उभे होते तेही मला ठाऊक. आमची जमीन भाजलेली. चेंडू पडला की ससा सुटावा तसा पळतो. साहेबाला वाटतं जोर दंडात आहे. जोर मुरमात आहे. चेंडू दगडात गेला तर उचलून बऱ्या जागी ठेवायची मुभा. ब्राऊन परातीसारखं सपाट. त्यातून खड्डा हातभर राहिला की सोबतचे म्हणतात, राहू द्या, गेलाच समजा. दिवसाला असे दहा तरी गेलेच समजा.

त्या शुक्रवारच्या आदल्या रविवारी पुण्याकडच्या एका मैदानावर सामना होता. तीन साहेब आणि मी, गाडीनं गेलो. मैदान बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं, इथं मेंढरं सोडली पाहिजेत. साहेबांनी पहिला फटका लई भारी मारला. चेंडू पडला आणि रुसलेल्या जावयासारखा तिथंच बसला. पुढं सरकेना. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी वाऱ्याला नावं ठेवली. वारा नव्हता.

पुढं तळं आडवं आलं. साहेबांनी आठ नंबरची काठी मागितली, कारण घरी तेवढ्या लांबून आठच लागते. म्हटलं, साहेब, सहा घ्या, लांब जाईल. म्हणाले, मामा, मला माझी आठ माहीत आहे. चेंडू तळ्यात. दुसरा तळ्यात. तिसरा मी पिशवीतून दिला, आमच्या बादलीत धुतलेला. तोही तळ्यात.

मग हिरवळ आली आणि तिथं माझीच खोड मोडली. जन्मभर मी साहेबांना खड्ड्याची एकच वाट सांगितली, सरळ. वाळूवर सगळं सरळच असतं. साहेब म्हणाले, मामा, कशी मारू? म्हटलं, सरळ. चेंडू सरळ निघाला, मधेच वळला, उताराला लागला आणि पार हिरवळीखाली जाऊन थांबला. मी सात वेळा सरळ म्हणालो. आठव्या वेळेस त्यांनी विचारलंच नाही. मला वाटायचं मला मैदान वाचता येतं. मला आमचं मैदान पाठ होतं, एवढंच.

साहेबांचे एकशेसात झाले. नऊ जादा मारायचे तिथं पस्तीस. सोबतच्या दोघांचंही असंच.

परत येताना नगरच्या पुढं चहाला थांबलो. चहा पिता पिता एकाला आठवलं की बाराव्या होलवर त्याची पाठ धरली होती. थोड्या वेळानं दुसऱ्याचीही तिथंच धरली. नेवासा फाटा येईपर्यंत तिघांच्याही पाठी एकाच होलवर धरल्या आणि तिघांनीही खेळ तिथंच सोडला होता. आकडे लिहिलेली कार्डं कुठं पडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण पुढच्या रविवारी क्लबाची कमिटी सगळ्यांचे आकडे नव्यानं ठरवणार होती, आणि या वर्षापासून बाहेरचा खेळही धरणार होती; अर्ध्यात सोडलेला तेवढा धरत नाहीत. सेक्रेटरी फौजेतून निवृत्त झालेला, हाडाचा खवचट. तो कॅडीला विचारणार हे साहेबांना पक्कं माहीत. म्हणून मला घरी सोडताना साहेब गाडीतून उतरले. कधी उतरत नाहीत. म्हणाले, मामा, बाराव्याला सोडलं, एवढंच सांगा. आणि मावशीच्या ब्राऊनचं मी बघतो.

ते ब्राऊनचं असं होतं. कमिटीनं झाडायचं काम ठेकेदाराला द्यायचं ठरवलं होतं. ठेकेदाराला म्हाताऱ्या बाया नको होत्या. तिला हे कळल्यापासून ती जेवताना सुद्धा मधेच हात थांबवायची. साहेबाचा शब्द कमिटीत चालतो. मी मान डोलावली.

हे सगळं चार-पाच दिवस पोटात ठेवलं आणि शुक्रवारी चेंडू धुता धुता तिला सांगितलं. एकशेसात ऐकून ती एवढी हसली की ब्रश बादलीत पडला. पाठीचं ऐकून हसायची थांबली.

"तुमचा बाप पाचोडच्या बाजारात शेळी कशी घ्यायचा?" ती म्हणाली.

"त्याचं काय आता?"

"दूध किती देती ते मालकाला इचारायचा व्हय?"

नाही. बाप मालकाला कधी विचारत नसे. शेळी मालकाच्या दारात दोन शेर देते. तीच आपल्या दारात आणली, चारा बदलला, पाणी बदललं, की शेरावर येते. मालक खोटं बोलत नसतो, त्यानं त्याच्या दारातलं सांगितलेलं असतं. म्हणून बाप मालकाच्या गावचा माणूस बाजारात हुडकायचा आणि त्याला विचारायचा, की ही शेळी मागं कुणाला दिली होती का, आणि तिथून परत का आली. असा माणूस खोटं बोलला तर त्याच्या गावची शेळी पुढं कुणी घेत नसे.

"साहेबाच्या शेळीचा तो माणूस तुम्ही हाव," ती म्हणाली.

"आन् तुझं ब्राऊन?"

"माझं मी बघीन. त्याला शेळीच्या दाव्याला बांधू नका."

मी चिडलो. म्हटलं, उद्या घरी बसशील तवा कळंल. तिनं बादलीतला ब्रश काढला आणि घासायला लागली. मग एक चेंडू माझ्यापुढं धरून म्हणाली, "हा चिरलाय, ह्याला बाजूला ठिवा." त्याच्यानंतर तिचं असं बोलणं ध्यानात नाही.

शनिवारी पहाटे ती उठली नाही. रोज माझ्याआधी उठायची, म्हणून मी तिला हाक मारायच्या ऐवजी चहाची वाट बघत पडून राहिलो. किती वेळ पडून राहिलो ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी माती दिली. लेक सासरहून आली. साहेबही आले, मोठा हार घेऊन. माणसं पांगली तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मामा, उद्या कमिटीला येऊ नका. सुतक असतं. मी सांगतो सगळं." एवढ्या वर्षांत माझं सुतक, माझा सण, माझा ताप कुठल्या साहेबानं विचारला नव्हता. या साहेबाला सुतकाचे नियमही पाठ होते.

एक कबूल करतो. ती जिवंत असती तर मी खोटंच बोललो असतो. तिला काही म्हणू दे, मी बारावाच होल सांगितला असता, आणि ती आठव्या ब्राऊनवर रागानं गोणपाट ओढत राहिली असती. मला ते चाललं असतं. आता खरं बोलायला माझं काही जात नव्हतं. असल्या खऱ्याला काय किंमत, तिलाच ठाऊक.

रविवारी सकाळी लेक नको म्हणत असताना निघालो. क्लबात आत गेलो नाही, सुतक खरंच होतं. दाराबाहेर उभा राहिलो. सेक्रेटरीनं आधी दुःख झालं म्हणून सांगितलं आणि मग विचारलं.

"अठराच्या अठरा खेळले," मी म्हणालो. "एकशेसात. पाठी तिघांच्याबी चांगल्या होत्या. त्यातले सात फटके माझे, मी वाट चुकीची सांगितली. ते साहेबांवर नका घालू."

"कॅडीचे वेगळे लिहीत नाहीत, मामा," सेक्रेटरी म्हणाला आणि लिहू लागला. माझे साहेब पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

तिथून आठव्यावर गेलो. गोणपाट तिनं ठेवलं होतं तसंच बाभळीला टांगलेलं होतं. दोरी खांद्यावर घेतली आणि कडेकडेनं गोल फिरत आत आत गेलो. खड्ड्यापाशी पोचलो तेव्हा चूक कळली. चारी बाजूंनी वाळू गुळगुळीत आणि मी मधे. बाहेर पडायचं तर पावलं उमटणार. ती खड्ड्यापासून सुरू करायची आणि फिरत फिरत बाहेर निघायची. इतकी वर्षं मी पिशवी घेऊन बाजूला उभा राहून बघत होतो.

पलीकडं चार साहेब खेळायला येऊन थांबले होते. एकानं हात वर करून विचारलं, किती वेळ. मी बघितलंच नाही. दोरी परत खांद्यावर घेतली आणि खड्ड्यापासून सुरू केलं.