कुंदाताई आणि एकेचाळिसावं पान

कुंदाताई राणे गेल्या ते मला अकराव्या दिवशी कळलं. जुन्या ऑफिसमधून लुर्डसचा फोन आला. लुर्डस तिथली टेलिफोन ऑपरेटर, गोराईची, रोज सकाळी बोटीने खाडी ओलांडून अंधेरीला येणारी. "सतीश, कुंदा गेली रे. कावीळ झालेली, अंगावर काढली तिनं. मला वाटलं, तुला कुणी सांगितलं असेल." कुणी सांगितलं नव्हतं. मला कळवावं असं कुणाला वाटेल, इतका त्यांच्याशी माझा संबंधही उरला नव्हता. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण त्यांच्याविषयी लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... आता ती गोष्ट सांगू शकणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी राहिलं नाही, असं वाटलं. मग मी खुर्चीत बसून राहिलो आणि माझी मलाच किळस आली.

कुंदाताई माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. वडील मालवणकडचे, गिरणीत होते. जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांच्या मागच्या बाजूला त्यांची चाळीतली खोली. आई आणि धाकटी बहीण मालन यांच्यासोबत त्या तिथे राहायच्या. मॅट्रिकनंतर टायपिंग शिकून त्यांनी चार-पाच ऑफिसं केली होती, आणि आमच्याकडे आल्या त्या टायपिस्ट म्हणूनच. आमचं ऑफिस म्हणजे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतलं एक संगणक केंद्र. काचेच्या गार खोलीत परदेशातून आणलेला एक मोठा संगणक होता, आणि स्वतःचा संगणक नसलेल्या पंधरा-वीस कंपन्या न् संस्था त्याच्यावर आपापली कामं करून घ्यायच्या. गंमत अशी की त्यातल्या प्रत्येकाला वाटायचं, अख्खं यंत्र आपलं एकट्याचंच आहे. तसं भासवणारी एक प्रणाली त्या संगणकात होती. एकाच यंत्राची ती वीस आभासी यंत्रं करायची. नवा ग्राहक आला की त्याच्यासाठी असं एक यंत्र तयार करायचं, म्हणजे एका यादीत त्याच्या नावापुढे काही आकडे भरायचे : स्मृती किती, प्रिंटर कोणता, माहिती साठवायच्या डिस्कवर त्याची जागा कुठून सुरू होते आणि कुठे संपते. हे आकडे कसे भरायचे याचं मॅन्युअल मी लिहिलं होतं. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, इंजिनीअर होतो, आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीत संगणकावर काम करणारा मी एकटाच होतो. एवढ्यावरून माझी चाल कशी असेल ते वाचकांनी ओळखावं.

ते मॅन्युअल नीट टाईप करायला कुंदाताईंकडे दिलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात माझीच पानं, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा. "ह्यां काय तां?" असं मालवणीत म्हणून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'बाकीचे रकाने नेहमीप्रमाणे भरावेत.' (मॅन्युअल इंग्रजीत होतं, इथे मराठीत सांगतो.) "नेहमीप्रमाणे म्हणजे कसे रे? जो पहिल्यांदा भरतोय त्याचं नेहमीचं काय असणार?" मी म्हटलं, "ताई, तुम्ही नुसतं टाईप करा ना. वाचणाऱ्याला कळतं." "मी वाचतेच आहे की. मला नाही कळलं." मी हसलो. बाजूच्या टेबलावरचेही हसले. त्या मात्र हलल्या नाहीत. "सतीश, मला कळलं नाही ही माझी चूक नाही. कागदाची चूक आहे. सांग."

पुढचे पाच-सहा महिने त्यांनी मला असं पिडलं. दर रकान्यापुढे तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, असा त्यांनी हट्ट धरला. हा आकडा कशाचा, रिकामा ठेवला तर यंत्र काय समजतं, आणि चुकला तर काय बिघडतं. मी काही सांगितलं की त्या लिहून काढायच्या, मग लुर्डसला जेवणाच्या सुट्टीत समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "वाच आणि कर. मी काही बोलणार नाही." लुर्डसचा संगणकाशी सुतराम संबंध नव्हता. ती अडली की ते पान परत लिहायचं. एकदा एका पानावर लुर्डस चार वेळा अडली तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अहो, हिला घेऊन कशाला तपासताय? ही थोडीच हे काम करणार आहे!" लुर्डस तोंडात घास धरून माझ्याकडे बघत राहिली. कुंदाताई म्हणाल्या, "तिला जमलं तर सगळ्यांना जमेल. तुला नाही कळायचं." मला खरंच कळलं नाही. पण हळूहळू ऑपरेटर मंडळी माझ्याकडे शंका विचारायला येईनाशी झाली. मॅन्युअल उघडायची आणि काम करायची. साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, एकदा सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "सतीश, झकास काम केलंस." मी थँक्यू म्हणालो. कुंदाताई त्याच खोलीत टाईप करत बसल्या होत्या.

काही शंका त्या चिठ्ठीवर लिहून माझ्या ट्रेमध्ये ठेवायच्या आणि मी खाली उत्तर खरडायचो. एकेचाळिसाव्या पानाची चिठ्ठी अशीच आली. 'डिस्कवरची जागा कुठे संपते तो आकडा रिकामा राहिला तर?' हे मला माहीत नव्हतं. करून बघायला अर्धा तास लागला असता. त्या दिवशी मला घाई होती. कसली घाई, हेही आता आठवत नाही. मी लिहिलं, 'काही होत नाही. यंत्र चूक दाखवून थांबतं.' आणि खाली सही केली. त्या परत विचारायला आल्या, "तू करून बघितलंस ना?" मी म्हणालो, "हो." मान वरही केली नाही.

काही महिन्यांनी एक नवा ग्राहक आला. ऑपरेटरने मॅन्युअल समोर ठेवून त्याचं यंत्र तयार केलं. शेवटचा आकडा ग्राहकाकडून यायचा होता, म्हणून तो रकाना त्याने तात्पुरता रिकामा ठेवला. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलंच होतं, काही होत नाही म्हणून. यंत्र थांबलं नाही. आकडा नाही म्हणजे डिस्कच्या अगदी टोकापर्यंतची जागा या नव्या ग्राहकाचीच, असं त्याने धरलं आणि ती सगळी कोरी करून टाकली. त्या जागेत गोवंडीच्या एका धर्मादाय क्षयरोग दवाखान्याची माहिती होती. कोणत्या रोग्याला कोणतं औषध, कधीपासून, शेवटचं कधी नेलं... मोठ्या ग्राहकांच्या माहितीची प्रत आम्ही रोज टेपवर काढायचो, या दवाखान्याची तीन महिन्यांतून एकदा. त्या सकाळी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला, "आज औषध चुकलेल्यांची यादी निघत नाही हो. बघता का जरा?" त्या यादीवरून त्यांची माणसं वस्तीत फिरून, औषध सोडलेल्यांना शोधून परत आणायची.

दुपारी साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. मी, कुंदाताई आणि तो ऑपरेटर. टेबलावर मॅन्युअल उघडं. साहेबांनी ओळीवर बोट आपटलं. "हे कुणी लिहिलं? कुठून आलं हे?" ऑपरेटर म्हणाला, "पुस्तकात होतं, मी तसं केलं." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पानाकडे बघत होतो. वर एसी घरघरत होता. 'मी' एवढा एकच शब्द लागला असता. मी म्हणालो, "टाईप करताना काहीतरी गडबड झाली असेल, सर." साहेब कुंदाताईंकडे वळले. "आम्ही तुम्हाला टाईप करायला दिलं होतं. लिहायला कुणी सांगितलं?" त्यांच्या मांडीवर शंकांची फाईल होती. माझी सही असलेली चिठ्ठी त्यातच असणार, हे मला ठाऊक होतं, कारण त्या कागदाचा कपटाही टाकत नसत. मी वाट बघत होतो, आता काढतील. त्यांनी फाईल उघडली नाही. "पान मी आज दुरुस्त करून देते," एवढंच म्हणाल्या. "तुम्ही आता काही दुरुस्त करू नका," साहेब म्हणाले.

त्यांना आवक-जावक विभागात बसवलं. पाकिटांवर पत्ते टाईप करायचे, शिक्के मारायचे. मॅन्युअल माझ्याकडे आलं. मी एकेचाळिसावं पान बदललं आणि नवी आवृत्ती छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर माझं एकट्याचं नाव होतं. त्यांचं नाव आधीही नव्हतं, त्यामुळे ते काढावं लागलं नाही. वर्षभराने त्याच पुस्तकाच्या जोरावर मला दुसरीकडे मोठी नोकरी मिळाली. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, "प्रत्येक रकान्याला रिकामं ठेवल्यास काय होतं ते लिहायची कल्पना तुम्हाला कशी सुचली?" मी त्याचंही उत्तर दिलं. काय दिलं ते इथे लिहवत नाही.

नोकरी सोडताना मी आवक-जावकच्या खोलीत गेलो होतो. बऱ्याच दिवसांनी समोरासमोर आलो होतो. त्या पाकिटं चिकटवत होत्या. मी पेढा पुढे केला, त्यांनी घेतला, खाल्ला. मग मला राहवलं नाही. "ताई, त्या दिवशी तुम्ही चिठ्ठी का नाही दाखवली?" त्यांनी हात पुसले. "दाखवणार होते रे. तुझ्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, आता बोलेल. परत वाटलं, आता बोलेल... आणि साहेब उठले." त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला काही म्हणता तरी आलं असतं. "जा, तुला उशीर होईल," म्हणाल्या आणि पुढचं पाकीट उचललं. ती आमची शेवटची भेट.

लुर्डसच्या फोननंतरच्या रविवारी मी जोगेश्वरीला गेलो. मालनने दार उघडलं. आई आत निजून होती. मी नाव सांगितलं तशी मालन म्हणाली, "हां, सतीश. ताई बोलायची तुमच्याबद्दल." काय बोलायची, हे विचारायचं धाडस झालं नाही. चहा आला, तो मी तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, सही, साहेबांची खोली. शेवटी मालन म्हणाली, "हे तुम्ही मला कशाला सांगताय? मला माहितीय माझी बहीण कशी होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा ना. ऑफिसात जाऊन सांगा."

मंगळवारी मी जुन्या ऑफिसात गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत लावला. "सतीश, आता ती बाई राहिली नाही. तू इथे नाहीस. आता काय करायचं त्याचं?" मी म्हटलं, "लेखी देतो. ऑफिसात लावा." "जाऊ दे यार," ते म्हणाले. हे खरं तर मीच मला तीन वर्षं सांगत आलो होतो. बाहेर लुर्डसला सांगितलं तेव्हा तिने कानावरचा हेडफोन उतरवला. "मला माहीत होतं. माझ्यासमोरच तर ती चिठ्ठ्यांवरून पानं लिहायची. उत्तर तुझं होतं ते मला माहीत नसेल?" मग म्हणाली, "मी पण नाही बोलले रे. नोकरी होती." तिचे डोळे भरून आले, आणि माझी शरम आणखी वाढली, कारण तिचा तो भारही माझ्याचमुळे होता. जाताना तिने सांगितलं, "कुंदा शनिवारी दुपारी गोवंडीला जायची. दवाखान्यात. तू गेल्यावरही जात होती. माहितीये ना?"

मला माहीत नव्हतं. गेलेली तीन महिन्यांची माहिती रोग्यांच्या कार्डांवरून परत तक्त्यांत भरायला त्या पहिल्यांदा गेल्या, आणि ते काम संपल्यावरही जात राहिल्या. परवाच्या शनिवारी मी गेलो. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर बाकावर खोकणारी माणसं, आणि आत तीच नर्सबाई, जिचा फोन त्या सकाळी आला होता. मी कोण ते सांगितलं. त्या यादीचं काय झालं होतं, कुणामुळे झालं होतं, तेही सांगितलं. "त्या तीन महिन्यांतली नऊ माणसं आम्हाला परत सापडली नाहीत," ती म्हणाली. "राणेबाई म्हणायच्या, आमच्याकडून चूक झाली. कुणाकडून ते कधी बोलल्या नाहीत." बाहेर कुणीतरी नाव पुकारत होतं. ती उठली, कपाटातून कार्डांचा गठ्ठा आणि कोरे तक्ते काढून टेबलावर ठेवले. "पाच आठवड्यांचं साचलंय. येतं का भरता?"

टेबलाच्या काचेखाली कुंदाताईंच्या अक्षरातला एक कागद होता, मराठीत, तक्ता कसा भरायचा त्याचा. मी पहिल्या ओळीपासून वाचत गेलो आणि भरत गेलो. कुठेही अडलो नाही. शेवटच्या रकान्यापुढे त्यांनी लिहिलं होतं : 'नोंद करणाऱ्याने इथे आपलं पूर्ण नाव लिहावं. नंतर काही चुकलेलं आढळलं तर कुणाला विचारायचं ते कळतं. रिकामं ठेवू नये.'

मी पूर्ण नाव लिहिलं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं. नर्सबाईंनी तक्ता हातात घेतला, नाव वाचलं, आणि पुढचं कार्ड माझ्यासमोर सरकवलं.