जुनी सही

जर्मनीत, कार्ल्सरूहेत आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ राहतात. इथे इतकी वर्षं काढलीत की इंग्रजी वाक्यसुद्धा जर्मन ‘आल्झो’नेच, म्हणजे ‘तर मग’नेच, सुरू होतं. बिल्डिंगमधल्या सगळ्यांची पार्सलं तेच घेतात, पण कुरियरवाल्याच्या मशीनवर आपण बोटाने रेघोटी ओढतो, तशी ते ओढत नाहीत. चष्मा लावून, एकेक अक्षर वळवत पूर्ण सही करतात. कुरियरवाला वैतागतो आणि मागे जिन्यात ताटकळणारा मीही.

“एवढी कोरीव कशाला?” मी एकदा विचारलंच.

“आल्झो, मागच्या निवडणुकीत पोस्टाने पाठवलेलं माझं मत बाद झालं. अमेरिकेतल्या निवडणूक कचेरीत माझी तरुणपणची सही आहे. आता हात थरथरतो, त्यामुळे पाकिटावरची सही तिच्याशी जुळली नाही. म्हणून मिळेल तिथे तीच गिरवतो.”

परवा त्यांनी मतपत्रिकेचं पाकीट पोस्टाच्या पिवळ्या पेटीत टाकलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत वाकून उभे राहिले. मग मला म्हणाले, “तुमचं कसं असतं?”

“आम्हाला भारतात जाऊनच मत द्यावं लागतं,” मी म्हटलं.

गेल्या निवडणुकीला मी रजेवर पुण्यातच होतो, हे सांगितलं नाही. मतदानाची सुटी होती, म्हणून आम्ही सगळे महाबळेश्वरला गेलो होतो.