जिन्यातलं रबराचं झाड

चष्म्याच्या काचा घासण्यात उभं आयुष्य गेलं की माणसाला एक सवय जडते. हातात काहीही आलं की तो आधी ते उजेडाकडे धरतो. भिंगवाले नाणंसुद्धा तसंच बघत. पेठेत त्यांना सगळे भिंगवालेच म्हणत, बायको 'अहो' म्हणे आणि धाकटा भाऊ 'दादा'. म्हणजे पूर्वी म्हणे. हल्ली तो काहीच म्हणत नव्हता.

दोघांची घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. मधल्या मोकळ्या जागेत, खिडकीपाशी, आईनं लावलेलं रबराचं झाड होतं. पत्र्याच्या डब्यात वाढता वाढता ते छताला टेकायला आलं होतं. आई त्याचं एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायची, खालून हाताचा आधार देऊन, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं.

ती गेली खुब्याच्या ऑपरेशनात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा धाकटा बसडेपोत कामावर होता. भिंगवाल्यांनी एकट्यानंच "करा" म्हणून सांगितलं. आई शुद्धीवर आलीच नाही. "निदान मला विचारायचं होतंस," एवढंच धाकटा म्हणाला आणि त्यानं अबोला धरला. धाकट्यानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे जेवण भावाच्याच घरून जायचं. डबा पोचवायचा, रिकामा आणायचा आणि दोन्हीकडचे निरोप न्यायचे, हे सगळं वहिनीकडे. ती एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला जायची. "दिवसभर शर्टाच्या दोन बाजू जोडते, घरी आले की तुमच्या," असं ती नवऱ्याला ऐकवायची.

आई गेल्यावर भिंगवाल्यांनी झाडाचा डबा एका देखण्या चिनी मातीच्या कुंडीत उतरवला. तिला तळाशी भोक नव्हतं, कारण जिन्यात थेंब सांडला तरी खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर यायची. मातीवर आईनंच, मांजरानं उकरू नये म्हणून, गोटे पसरले होते. ते कुणी हलवले नाहीत.

आणि मग पानं माना टाकायला लागली.

आधी सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं आणि गळलं. मग त्याच्या वरचं. पान मरगळलं म्हणजे झाडाला तहान लागली, हे कुणीही सांगेल. त्यांनी दुकानात जाताना तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. पानं आणखी लोंबली. त्यांनी दोन तांबे केले.

"तुझ्या दिराला दिसत नाही का?" ते बायकोला म्हणाले. "हल्ली रात्रपाळी, दिवसा घरी असतो. आईचं झाड डोळ्यांदेखत वाळतंय आणि हा ढुंकून बघत नाही."

"तुम्हीच विचारा की त्यांना."

"मी कशाला विचारू?"

त्यांच्या मनात एक वाईट विचार घर करून बसला होता. धाकटा मुद्दाम झाड मरू देतोय. तू आईला घालवलीस, आता हेही तुझ्याच डोळ्यांसमोर जाऊ दे, असा त्याचा हिशेब असणार. काच घासताना तोच विचार, जेवताना तोच. एकदा तर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजव्या खाचेत बसवली. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

एका दुपारी पेठेतली वीज गेली, काचा घासायचं चाक थांबलं आणि ते घरी परतले. जिना चढून वर येतात तर झाडापाशी धाकटा, हातात प्लास्टिकची बादली, कुंडीत पाणी ओततोय.

दोघंही जागच्या जागी खिळले. पाणी मात्र पडतच राहिलं.

नेमकी वहिनीही घरीच होती, वीज गेल्यानं शिंप्याची यंत्रंही बंद. जिन्यात पावलं वाजली आणि पुढे दाराचा आवाज आला नाही, म्हणूनच ती बाहेर आली असावी.

"याला विचार," भिंगवाले तिला म्हणाले, "हा केव्हापासून पाणी घालतोय."

धाकट्यानं बादली खाली ठेवली. "वहिनी, यांना सांग, रोज घालतो. झाड तहानेनं मरत होतं आणि यांना काचेपलीकडे काही दिसत नाही."

"मी घालतो रोज. दोन तांबे."

"मी अर्धी बादली."

दोघंही तिच्याकडे बघून बोलत होते. वहिनीनं पदराला हात पुसले. ते ओले नव्हते.

"मी पण घालत होते," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळी, भांडी धुतल्यावर, थोडंसंच. मला वाटलं, तुम्ही दोघं भांडणापायी विसरलात."

धाकट्यानं गोटे बाजूला केले. मातीत बोट घातलं तर ते चिखलात घालावं तसं आत गेलं. दोघांनी दोन बाजूंनी डबा उचलला. कुंडीच्या तळाशी काळं पाणी डचमळलं आणि कुजका वास जिनाभर पसरला. मुळं हातात आली ती ओल्या चिंध्यांसारखी. बुंध्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला.

"हे गेलं," धाकटा म्हणाला.

"शेंडा हिरवा आहे. वरचा भाग तोडून लावला तर धरतो."

"कुठपर्यंत तोडायचा?"

भिंगवाले थबकले. प्रश्न थेट त्यांना होता.

"कूज नसेल तिथपर्यंत. आतला भाग स्वच्छ पांढरा दिसला पाहिजे."

धाकट्यानं घरातून लहान करवत आणली. त्यानं शेंडा धरला, भिंगवाल्यांनी कंबरेइतक्या उंचीवर खोड कापलं. पांढरा चीक भळभळा वाहून फरशीवर पडला. कापाच्या मधोमध तपकिरी डाग होता, बटणाएवढा. हातभर वर पुन्हा कापलं, मग आणखी वर, असं करत शेंड्याजवळ आले. चीक आला, डाग आलाच, पण लहान. आता धाकट्याच्या हातात मोजकी पानं उरली होती.

वहिनीनं कापलेली जागा कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं टिपली. "आता पुरे करा," ती म्हणाली. "काही उरणार नाही."

"पुरे," धाकटाही म्हणाला. "एवढ्याशा डागानं काय होतंय. अजून कापलंस तर संपलंच."

भिंगवाल्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि काप खिडकीच्या उजेडाकडे वळवला. डाग मोहरीएवढा होता, पण त्यातून एक बारीक रेघ वर चढलेली त्यांना स्पष्ट दिसली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. त्यांचा हात करवतीकडे गेला. एक काप घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, त्यांना सवय होती तशी. शेंडा धाकट्याच्या मुठीत होता आणि त्याची नजर करवतीवर.

त्यांनी भिंग काढलं. ते भिंग त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलेलं नव्हतं, बायकोच्याही नाही.

"तू बघ," ते म्हणाले. "आणि सांग."

धाकट्यानं शेंडा वहिनीकडे दिला. भिंग कसं धरायचं ते त्याला जमेना. भिंगवाल्यांनी त्याचं मनगट धरून ते डोळ्याजवळ नेलं. तो बराच वेळ बघत राहिला. खालच्या मजल्यावरची बाई चीक कुठून येतोय म्हणून ओरडत होती, तरी कुणी हललं नाही.

"वर चाललीय," तो शेवटी म्हणाला. "आत, वर चाललीय रेघ."

"नाही कापलं तरी कदाचित तगेल. मी खात्रीनं सांगू शकत नाही."

"आणि कापलं तर?"

"तेही नाही सांगू शकत."

धाकट्यानं शेंडा परत हातात घेतला. पानं छातीशी धरली, म्हणजे करवतीचा धक्का बसायला नको.

"काप, दादा."

या वेळी काप पांढरा आला. दोघांनीही आळीपाळीनं भिंगातून बघितला आणि तरी पुन्हा एकदा बघितला. उरली ती वीतभर काडी, तीन पानं आणि टोकाचा लाल कोंब. पानांतून ओल उडू नये म्हणून वहिनीनं ती सुरळीसारखी गुंडाळून काजांच्या दोऱ्यानं बांधली. चीक सुकल्यावर काडी एका साध्या मातीच्या कुंडीत, वाळूत खोचली. तिला तळाशी मोठं भोक होतं.

ती धरेल की नाही, ते काही आठवडे कुणालाच कळणार नव्हतं.

"आता पाणी कोण घालणार?" वहिनीनं विचारलं.

दोघंही सवयीनं तिच्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता," ती फडकं पिळत म्हणाली. "मी आता निरोप नेणार नाही. समोरासमोर उभे आहात, ठरवा."