कूलरपुढचे क्वार्क

परदेशात संशोधनाची नोकरी मिळाली, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "अन्नपूर्णा मंदिराच्या कट्ट्यावर सगळे पूछतात, पोरगी करते काय? पहले मला समजव, फिर जा."

मला जायचंच होतं, आणि बाबांना दुखवून जायची छाती नव्हती. पण विषय असा, की तो मलाच एक दिवसाआड समजतो. अणूच्या पोटात क्वार्क नावाचे बारके कण असतात, डावे आणि उजवे. गारव्यात डावा उजव्याला जखडतो, सममिती मोडते आणि हलका कण जड होतो. भयंकर तापवलं, म्हणजे सूर्याचं पोटही गार वाटेल इतकं, की जोडी सुटते, दोघे आपापले मोकळे, सममिती परत. बाबांनी जांभई दिली.

मग मी घरातलंच उदाहरण काढलं. जानेवारीत इंदूरला आमच्या राजेंद्र नगरच्या घरात आई-बाबा एकाच रजईत असतात. दाराची बेल वाजली तरी दोघांपैकी कोणी हलत नाही, इतके जड! मे लागला की बाबा कूलरपुढे, आई गच्चीवर.

"म्हणजे आम्ही क्वार्क? मग कोणत्या तारखेला अलग होतो?" बाबांनी मला पकडलं.

"तारीख नसते. आधी रजई जाते, मग शाल, मग तुम्ही. क्वार्कांचंही तसंच, हळूहळू."

"समझ गया! जा तू."

मी हुरळले. दुसऱ्या दिवशी आई देवळातून तणतणत आली. "बायका विचारतायत, घरी सब ठीक ना? ह्यांनी कट्ट्यावर सांगितलं, पोरीने साबित केलंय, गर्मीत नवरा-बायको अलग होतात!" पुढे बरेच दिवस बाबांना पोहे वरून भुरभुरायच्या जिरावन मसाल्याशिवाय मिळाले. इंदुरी माणसाला याहून मोठी सजा नाही.

निघाले ती ऐन मेमध्ये, भर दुपारी. टॅक्सी सुरू झाली तरी दोघं फाटकाशी उभे. आईने बाबांचा दंड घट्ट धरलेला, दोघंही घामाने निथळत होते.

"आत जा ना, कूलर चालू आहे!" मी ओरडले. कोणी हललं नाही.

"वहाँ जाकर बोल देना," बाबा म्हणाले, "इंदूरमध्ये प्रयोग फेल."

मला रडू फुटलं. तशीच खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "फेल नाही, बाबा. अजून तेवढं तापलंच नाही."